शेडमधलं पहिलं नाव

अहो,

फरशी निघाली. पहार लागलीच नाही, उलथन्यानं उचलली गेली. कडेचे सांधे तुम्ही भरलेच नव्हते ना! सगळ्या स्वयंपाकघरात ही एवढीच फरशी बिनसांध्याची. इतकी वर्षं मी तिच्यावरून झाडू फिरवला आणि दर वेळी थोडं पीठ, थोडी साखर त्या फटीत जात राहिली.

तुम्ही मधल्या खोलीत आहात. दार ओढून घेतलंय. बर्फाचं पाणी उंबऱ्यापर्यंत येतं, सिंधू ते फडक्यानं टिपते आहे. तुमच्या धाकट्या भावाची बायको, पण आज सकाळपासून माझ्या बहिणीसारखी वागते आहे. सुनंदा नागपूरहून निघाली. आपली लेक सकाळी दौंडला उतरेल, तोवर तुम्हाला ठेवायचं आहे. ओट्यावर गावातले पाचसहा जण बसलेत. त्यांच्यात नाना गुरव आहेत. मी आतून बाहुली घेऊन येईन म्हणून सगळे थांबलेत.

बाहुली नाही. तिची जागा आहे.

मातीत तिच्या आकाराची पोकळी राहिली आहे. डोकं, दोन दंड, पोट. मुंग्यांनी आतलं सगळं नेलं असणार. बोट घालून बघितलं, कडा घट्ट लागल्या, सारवल्यासारख्या.

मी कणीक भिजवून ठेवली आहे. ती मुरेपर्यंत वेळ आहे. तुमच्याशी नीट बोलायचं ठरवलं की तुम्ही नेहमी कुठल्या तरी कामावर असायचात. आज घरात आहात. म्हणून लिहिते.

"सुरू कुणीबी करतंय," तुम्ही म्हणायचात, "मिटवता आलं पायजे." साखर कारखान्यावर ओव्हरसियर म्हणून तुम्ही गोदामं बांधलीत, रस्ते केलेत, कामगारांच्या खोल्या उठवल्यात. कुठलंही काम असो, तुमच्या लेखी त्याचे भाग चारच. आधी ते माणसांच्या मनात उभं करायचं. मग आखायचं. मग करायचं. मग मिटवायचं. चौथा भाग लोक विसरतात म्हणून जिकडंतिकडं अर्धी कामं दिसतात, असं तुमचं ठाम मत होतं. हे ऐकवत तुम्ही जेवायचात आणि ताट स्वतः उचलून मोरीत ठेवायचात. सुनंदा म्हणायची, बाबांचा चौथा भाग झाला.

स्मशानातल्या शेडचं काम मनात उभं राहिलं ते भागूकाकूंच्या मयताला. शेजारच्या भागूकाकू. तेव्हा सगळ्यांना घोड नदीच्या काठी, बाभळींच्या पलीकडं, उघड्यावरच नेत. त्या दिवशी पावसानं उसंत दिली नाही. चौघांनी पोत्यांची शिवलेली ताडपत्री चितेवर धरली, तीच पेटली. रॉकेल संपलं. दुसऱ्या दिवशी काठी घेऊन पुन्हा नदीवर गेलात. कुत्री हाकलायला गेला होतात, हे मला सिंधूकडून कळलं.

"मेल्यावर तरी मानूस कोरडं ऱ्हायलं पायजे," एवढंच तुम्ही मला सांगितलंत. मग ग्रामसभेत तेच म्हणालात. शेड हवी याला सगळ्यांनी हात वर केले. कुठं हवी विचारल्यावर सगळे हात खाली गेले.

आखणीला किती काळ गेला! कुणाच्या बांधाला लागून नको, कुणाच्या दारातून दिसायला नको, धूर कुणाच्या अंगणात यायला नको. तुम्ही आयुष्यात विडी ओढली नाही, पण त्या दिवसांत विडीचं बंडल घेऊन नदीकाठानं हिंडायचात. पेटवून हातात धरायची आणि धूर कुठं जातो ते बघत उभं राहायचं. लांबून बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस कुणाची तरी वाट बघतोय. वर्गाच्या खिडकीतून मला तुम्ही दिसायचात. मी सातवीला कविता शिकवत असायची आणि नजर तुमच्याकडं जायची. मला ते उभं राहणं आवडत नव्हतं. कधी सांगितलं नाही.

जागा ठरली. चुन्याची फक्की पडली. मग एक गोष्ट झाली, ती तुम्ही हसत सांगितलीत आणि मी हसले नाही. मिस्त्रीनं विचारलं, चौथरा केवढा घ्यायचा? पुस्तकातलं माप तुम्हाला ठाऊक होतं, पण मिस्त्रीला ते पटेना, गावातली माणसं उंच आहेत म्हणाला. तेव्हा तुम्ही, गावातले सगळ्यात उंच, जमिनीवर उताणे झोपलात आणि त्याला म्हणालात, मार फक्की. त्यानं तुमच्या भोवतीनं पांढरी रेघ ओढली. शिक्रापुरात खोली घेऊन राहणारे दोन वेल्डर छताचे लोखंडी अँगल उतरवत होते. त्यातला एक काम थांबवून म्हणाला, "उठ जाओ साहब, अच्छा नहीं लगता."

तुम्ही उठलात. रेघ राहिली. संध्याकाळी मी शाळेतून त्या बाजूनं आले तर ती तशीच होती, आत कुणी नसलेली. मी तिला वळसा घालून आले. तुम्ही घरी चहा पीत बसला होतात.

काम चांगलं झालं. याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. मजूर तिथं पाणी प्यायचे नाहीत, म्हणून तुम्ही डबा घेऊन जायचात आणि चौथऱ्यावर बसून जेवायचात. पत्रे लागले. खांबांना चंदेरी रंग दिला. सावडायला येणाऱ्यांसाठी नळ काढलात, बसायला बाक केलात. लांबून बघितलं तर एस.टी.चा थांबा वाटावा.

मग तुमचा चौथा भाग आला.

तालुक्याचे साहेब येऊन बघून गेले. काम पसंत आहे म्हणाले. पण वापर सुरू झाल्याचा दाखला हवा, त्याशिवाय फाइल बंद होणार नाही. तुम्ही म्हणालात, साहेब, ही शाळा नाही, घंटा वाजवून पोरं आत घ्यायला. ते म्हणाले, नियम सगळ्या इमारतींना एकच आहे.

आणि गावात कुणी जाईना.

आधी लोक हसले. मग हसणं थांबलं. पहिलं कोण, हा विचार घराघरात शिरला. धनगरवाड्यावरचे कोंडिबाआबा, गावातले सगळ्यात म्हातारे, मेंढरं विकून शेती धरलेले. ते इनामगावला लेकीकडं निघून गेले. तुम्ही आणायला गेलात तर म्हणाले, "आधी दुसऱ्या कुनाचा नारळ फुटू दी, मग येतो." थोरल्या आळीत एक जण अगदी मरायला टेकला होता, त्याला बैलगाडीत घालून सासुरवाडीला पोचवलं. तिथं तो बरा झाला. तुम्ही आजाऱ्याला भेटायला गेलात की माणसं बाजेवर उठून बसायची. आठवतं? तापानं फणफणलेली शेजारची शांता तुम्हाला बघून अंगण झाडायला लागली.

रोज सकाळी तुम्ही शेडकडं चक्कर मारायचात. ती कोरी, चकचकीत, वाट बघत उभी असायची. मला तिची भीती वाटायला लागली होती, ती तेव्हापासून. रिकाम्या जागेला भूक असते असं मी तुम्हाला म्हणाले, तर तुम्ही म्हणालात, मास्तरीणबाई, ते तुमच्या पुस्तकात.

तोडगा नाना गुरवांनी काढला. परागंदा माणूस सापडला नाही तर कणकेचा माणूस करून त्याला अग्नी देतात. तसा एक द्यावा. म्हणजे पहिलेपण त्याच्यावर जाईल, गाव मोकळं होईल, साहेबांनाही वापर दाखवता येईल. सगळ्यांना पटलं. गोवऱ्या आल्या, लाकडं आली, वीतभर बाहुली चौथऱ्यावर ठेवली. आणि नानांनी विचारलं, नाव कुणाचं घेऊ?

जो तो एक पाऊल मागं सरला. नाव घेतल्याशिवाय अग्नी देता येत नाही. तुम्हाला साहेबांकडं जायची घाई होती.

"माझं घ्या," तुम्ही म्हणालात. "अर्जावर माझं, नकाशावर माझं, मग हितंबी माझंच लावा."

हे मी बघितलेलं नाही. मला वर्गातल्या मुलीनं सांगितलं, बाई, तुमच्या मालकांना जाळलं. मी खडू हातात घेऊनच घरी आले. तुम्ही अंगणात उभे होतात. मयताहून आल्यासारखं बाहेरच पाणी मागत होतात.

मी विचारलं, "कुणाचं सुतक?"

"माझं," म्हणालात आणि हसत अंगावर तांब्या ओतलात.

एवढा हिशेबी माणूस तुम्ही, एका गोष्टीचा विचार तुमच्या मनात आला नाही का? की त्या नावाला मीसुद्धा बांधलेली आहे? संध्याकाळी सिंधू आली. बोलता बोलता तिची नजर सारखी माझ्या कपाळावर जात होती. मी कुंकू पुसलेलं नव्हतं. पण त्या दिवशी लावताना माझा हात थांबला होता, हे तुम्हाला आज सांगते.

तिसऱ्या दिवशी तुम्ही राख भरायला गेलात, चौथरा फोटोसाठी स्वच्छ हवा म्हणून. राखेत बाहुली सापडली. जळली नव्हती. भाकरीसारखी भाजून निघाली होती, कडक, तांबूस. फक्त पाय नव्हते, घोट्यापाशी संपलेले.

त्याच महिन्यात मी शाळेची सहल इनामगावला नेली होती. तिथं जुनी वस्ती उकरून काढलेली आहे. घरातलं माणूस गेलं की ते घरातच जमिनीखाली पुरायचे, आणि मोठ्या माणसाचे पाय आधी घोट्यातून तोडायचे. का तोडायचे, असं मुलांनी विचारलं. गेलेल्यानं घर सोडू नये म्हणून असेल, असं दाखवणारा म्हणाला. हे मी तुम्हाला जेवताना सांगितलं होतं. बाहुली टॉवेलात गुंडाळून आणलीत तेव्हा तुम्ही मला म्हणालात, "बघा, इनामगावची निघाली."

नदीत सोडा म्हणाले मी. किती वेळा म्हणाले! तुमचं उत्तर एकच. काम अर्धं राहिलंय, अर्धं काम नदीत टाकत नाहीत, सवडीनं नीट अग्नी देऊ. तेव्हा स्वयंपाकघरात फरशी बसवायचं चाललं होतं. चुलीसमोरच्या फरशीखाली तिला ठेवलंत. परत काढायची आहे म्हणून सांधे भरले नाहीत. आणि ती सवड कधी आली नाही. उभ्या आयुष्यात तुमचं मिटवायचं राहिलेलं हे एकच काम, आणि त्यावर उभी राहून मी रोज पोळ्या केल्या.

फाइल बंद झाली. दोन दिवसांत कोंडिबाआबा परत आले आणि महिन्याभरात गेले, शेडमध्ये, पत्र्याखाली, अगदी कोरडे. मग रांग लागली. गावाला शेडची सवय झाली.

तुमचीही झाली. म्हणजे तुम्ही आता गेलेला माणूस आहात, याची. थट्टेनं सुरू झालं. विहिरीत साप निघाला की तुम्हाला उतरवायचे. तुम्हाला काय होणार आहे, म्हणायचे. घोडला पाणी चढलं की फरशीपुलावरून पहिले तुम्ही. नव्या घरात पहिली रात्र झोपायला तुम्ही. आणि तुम्ही जायचात! पंगतीत तुमच्यापर्यंत येऊन पत्रावळ्या संपायच्या. एकदा नाही, दर लग्नात. वाढपी खजील व्हायचे, मोजून आणल्या होत्या म्हणायचे. तुम्ही बाजूला होऊन दुसऱ्या पंगतीला बसायचात. हळदीकुंकवाला मला बोलवायला बायका यायच्या, पण दारात क्षणभर थबकायच्या. मी तो क्षण मोजायला शिकले.

मग पाय. पायातली चप्पल निसटली तरी तुम्हाला कळायचं नाही. एका पायात चप्पल घालून कारखान्यावरून आलात, दुसरी कुठं पडली ठाऊक नव्हतं. दौंडच्या डॉक्टरांनी साखर म्हणून सांगितलं. साखरच होती, मी रिपोर्ट वाचलेत. रात्री तुमचे पाय हातात घेऊन चोळायची तेव्हा ते मला दगडासारखे थंड लागायचे. घोट्याच्या वर तुम्ही गरम असायचात. मी कधी काही बोलले नाही. तुम्हीही नाही. पण फरशीकडं दोघंही बघायचो. का नाही काढली आपण ती? एका उलथन्याचं तर काम होतं.

आज सकाळी दौंडच्या दवाखान्यात तुम्ही गेलात. गाडीतून तुम्हाला घेऊन घोडचा पूल ओलांडला तेव्हा आभाळ भरून आलं होतं. ओट्यावर सरपंच बापू पुढं झाले. चांगला माणूस, डोळे भरले होते त्यांचे. म्हणाले, "वैनी, आप्पांना बाभळीखाली न्यावं लागंल. एका नावाला एका जागी दोनदा अग्नी न्हाई."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. सगळं गाव ज्या पत्र्याखाली कोरडं राहिलं तिथं तुम्हालाच जागा नव्हती. भागूकाकूंसारखं तुम्हाला उघड्यावर नेणार, ताडपत्री धरून. मी म्हणाले, शेड त्यांनी बांधली. बापू खाली बघत म्हणाले, म्हनूनच तर नाव त्यांचं लागलं.

मी भांडले. मी कधी भांडत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. नाना गुरव भिंतीला टेकून बसले होते. आता त्यांना नीट दिसत नाही. म्हणाले, "भावलीची राख झाली न्हवती, मी बगितलंय. कुठं गेली ती मग?"

मी म्हणाले, नदीत सोडली नाही. ती घरात आहे.

पाणी टिपणाऱ्या सिंधूचा हात थांबला.

"मग आना तिला," नाना म्हणाले. "नाव तिच्यातच ऱ्हायलंय. ती आन् आप्पा संगं जात्याल. दोनदा न्हाई मग. एकदाच झालं."

म्हणून ही फरशी.

कणीक मुरली. थांबा जरा, हात भरलेत.

आता पुन्हा लिहायला बसले आहे. वीज गेली, नेहमीचं लोडशेडिंग. चिमणी लावली आहे. पोकळीत कडेनं तेल सोडलं आणि कणीक दाबत गेले. डोक्यापासून सुरुवात केली. जेवढी आत मावली तेवढी भरली. मग चाकू फिरवून वर काढली. तवा ठेवला, गॅस पेटवला. अशा दिवशी घरात चूल पेटवत नाहीत. भाजल्याचा वास ओट्यावर गेला असणार, कारण बाहेरची बोलणी थांबली. सिंधू आत आली. तिनं खड्डा बघितला, तवा बघितला. तिला सगळं कळलं. तिनं दाराला कडी घातली आणि उलथनं माझ्या हातातून घेतलं.

उलटवताना ती म्हणाली, "आक्का, तुम्ही म्हणाला होता तिला पाय न्हाईत."

नव्हते. मी स्वतः बघितलेत. तुम्ही टॉवेल सोडलात तेव्हा घोट्यापाशी संपलेली होती ती. पण साच्यातून निघालेल्या या बाहुलीला दोन पाय आहेत. पंजे आहेत. मी ते केलेले नाहीत. मुंग्यांनी माती पुढं कोरली असेल. असेलच. मी चिमणी खाली धरून पोकळी पुन्हा बघितली. घोट्याच्या पुढं ती गेलेली होती, दोन्हीकडं सारखी, आणि पावलं दाराकडं वळलेली.

इतकी वर्षं ते खाली काय वाढत होतं? आणि वर काय कमी होत होतं? तुम्ही असतात तर म्हणाला असतात, मास्तरीणबाई, ते तुमच्या पुस्तकात. असू दे.

मी ओट्यावर जाऊन बाहुली नानांच्या हातात दिली. त्यांनी ती अंधारात बोटांनी चाचपली. डोकं, पोट, मग खाली. पायांपाशी त्यांची बोटं बराच वेळ थांबली. शेड झाली तेव्हा राखेतली बाहुली त्यांनीही पाहिली होती. ते म्हणाले, "हीच हाय." आणि बापूंना म्हणाले, लाकडं शेडवर टाका.

मी आत येऊन तुमच्या पायांवरची चादर बाजूला केली. बर्फात होतात, तरी हात लावून बघितला. मग चादर नीट केली.

आता ऐका. उद्या नाना नाव विचारतील. ते मी सांगेन. बायका तिथं येत नाहीत, मी येईन. शाळेच्या मस्टरवर रोज माझ्या नावापुढं तुमचं नाव लिहिलं, पण तोंडानं ते लग्नातल्या उखाण्यात एकदाच घेतलं. उद्या दुसऱ्यांदा घेईन, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. आणि राख मी स्वतः बघेन. काही राहिलं तर ते घरात आणणार नाही. तुम्हाला जमिनीखाली ठेवून वर पोळ्या करणार नाही. तुम्ही जा. पाय आहेत आता.

खड्डा तसाच उघडा ठेवते आहे. माझ्यात तो भरायचं बळ नाही. सांधे भरणारा मिस्त्री बघून घेईन कधीतरी.

तुमची,
शालिनी

ता. क. सकाळी सुनंदा आली. पाऊस लागला होता. शेडमध्ये लाकडं कोरडी होती. चौथऱ्यावर तुम्ही डोक्यापासून पायापर्यंत बरोबर मावलात. मी नाव सांगितलं. बाहुली तुमच्या पायांशी ठेवली, ती पेटलेली मी बघितली. घरी आले तर स्वयंपाकघरातली फरशी बसवलेली होती. सिंधू घरातच होती, आत कुणी आलं नाही म्हणाली. मी वाकून बोट फिरवलं. चारी सांधे भरलेले होते. सिमेंट ओलं होतं.